लांब लेओव्हरमध्ये व्हिसाशिवाय विमानतळाबाहेर: सोलापूरहून निघणाऱ्यांसाठी

सोलापूरहून परदेशी जायचं तर आधी मुंबई नाहीतर हैदराबाद गाठायचं. तिथून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाचं त्यातल्या त्यात स्वस्त तिकीट शोधलं की मध्ये दहा-बारा, कधी सोळा-अठरा तासांचा थांबा पदरात पडतो. हा वेळ खुर्चीत पेंगत काढायचा की बाहेर पडून शहर बघायचं, हे तिकीट काढतानाच ठरवावं लागतं. पैसे भरून झाल्यावर विचारायला गेलं की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

यूट्यूबवर कुणी बीजिंगमध्ये किंवा फ्रँकफर्टमध्ये सहज बाहेर पडून फिरताना दिसलं, तर त्याच्या हातातला पासपोर्ट कुठला आहे ते आधी बघा. अमेरिकन पासपोर्टला लागू असलेला नियम आपल्याला लागू होत नाही. आपल्याकडे ‘व्हिसाशिवाय’ या शब्दात तीन निराळे प्रकार येतात. काही देश भारतीयांना खरोखरच व्हिसा मागत नाहीत. काही देश दुसऱ्या एखाद्या मोठ्या देशाचा व्हिसा पासपोर्टवर असेल तरच सोडतात. आणि काहींना व्हिसा नको असतो, पण घरून निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी किंवा हॉटेलचं बुकिंग हवं असतं. आपण कुठल्या प्रकारात बसतो ते कळलं की पुढचं सोपं.

तिकीट: एक पीएनआर की दोन?

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. मुंबई ते सिंगापूर एका कंपनीचं, सिंगापूर ते सिडनी दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन सुटी तिकिटं जोडून पाच-सात हजार वाचतात. पण पीएनआर दोन झाले की तुमची बॅग मधल्या गावातच उतरते. ती घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं आणि पुन्हा काउंटरवर रांग लावून चेक-इन करावं लागतं. म्हणजे बाहेर पडणं हौसेचं न राहता सक्तीचं होतं. बाहेर पडायची परवानगी नसेल, तर मुंबईतच काउंटरवरचा माणूस विमानात बसू देत नाही आणि दोन्ही तिकिटांचे पैसे जातात. एजंटकडून तिकीट काढताना दोन प्रश्न स्पष्ट विचारा: पीएनआर एकच आहे का, आणि बॅग शेवटपर्यंत जाईल का?

एकच पीएनआर असला तरी काउंटरवर बॅगेचा टॅग लावतात तेव्हा तो वाचायचा. त्यावर तीन अक्षरांचे कोड असतात आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत शेवटच्या गावाचा कोड असतो. तिथे मधल्याच गावाचा कोड दिसला तर तिथल्या तिथे विचारा. थांबा रात्रभराचा असेल तर काही कंपन्या बॅग पुढे पाठवत नाहीत, मध्येच हातात देतात. ते चालेल, पण आधी माहीत हवं. पुढच्या विमानाचा बोर्डिंग पासही मुंबईतच छापून घ्या. बाहेर पडताना इमिग्रेशनचा अधिकारी पहिल्यांदा तोच मागतो.

आणखी एक बारीक गोष्ट. थांबा चोवीस तासांच्या वर गेला की विमान कंपन्या त्याला लेओव्हर न म्हणता स्टॉपओव्हर म्हणतात आणि भाडं बदलू शकतं. तेवीस तासांचा थांबा आणि पंचवीस तासांचा थांबा यांच्या किमती म्हणूनच वेगळ्या दिसतात.

कुठे सोडतात, कुठे नाही

मलेशिया सगळ्यात सोपा. भारतीयांना १ डिसेंबर २०२३पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसा माफ आहे आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६पर्यंत वाढवलेली आहे. फक्त एमडीएसी हा ऑनलाइन फॉर्म पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा. क्वालालंपूरच्या विमानतळावरून केएलआयए एक्स्प्रेस टर्मिनल एकवरून २८ मिनिटांत, टर्मिनल दोनवरून ३३ मिनिटांत केएल सेंट्रलला नेते. वेळ कमी असेल तर शहरात जाऊच नका. त्याच मार्गावर केएलआयए ट्रान्झिट नावाची थांबे घेत जाणारी गाडी आहे, तिने पुत्रजायाला उतरा. तळ्याकाठची गुलाबी मशीद बघून परत यायला अर्धा दिवस पुरतो.

थायलंडनेही नोव्हेंबर २०२३पासून भारतीयांना व्हिसा माफ केला. किती दिवस राहता येतं हे तिथलं सरकार बदलत असतं, पण एका दिवसाच्या पाहुण्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. १ मे २०२५पासून टीडीएसी हा डिजिटल फॉर्म सक्तीचा झाला आहे, तोही आधीच्या तीन दिवसांत आणि फुकट भरायचा. सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंकने फया थाई स्टेशनला पोचायला अर्धा तासही लागत नाही. बँकॉकमध्ये दोन खोडी आहेत. एक, इमिग्रेशनची रांग. गर्दीच्या वेळी तिथेच तास-दीड तास जातो. दोन, शहराला विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. उतरायचं एकावर आणि पुढचं विमान दुसऱ्यावरून, असं स्वस्त तिकिटात सर्रास असतं. मग तो थांबा फिरण्यात न जाता शहर ओलांडण्यात जातो.

सिंगापूरबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथलेच. भारतीयांना सिंगापूरला व्हिसा लागतो. पण ९६ तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत आहे. तिच्यासाठी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एका देशाचा व्हिसा किंवा दीर्घ मुदतीचा परवाना हवा, आणि सिंगापुरात शिरल्यापासून निदान एक महिना तो वैध हवा. ९६ तासांच्या आत निघणारं पक्कं तिकीट हवं आणि प्रवास तिसऱ्या देशाकडे किंवा तिसऱ्या देशाकडून असावा. मुंबई-सिंगापूर-मुंबई हा ट्रान्झिट धरत नाहीत. यादीत जर्मनी आणि स्वित्झर्लंड आहेत, पण शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) हा शब्द नाही. त्यामुळे फ्रान्सने किंवा इटलीने दिलेला शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. जर्मनीने दिलेला चालतो. व्हिसाच्या स्टिकरवर तो देणाऱ्या देशाचं नाव असतं, ते बघा. येताना एकदाच वापरायचा व्हिसा वापरून झालेला असेल तरी तो देणाऱ्या देशातून थेट सिंगापूरला येत असाल तर सवलत मिळू शकते. मध्ये दुसरीकडे कुठे थांबलात तर नाही.

याशिवाय एसजी अरायव्हल कार्ड तीन दिवस आधीपासून भरता येतं. ते सरकारी साइटवर मोफत आहे. गुगलवर शोधलं की पैसे घेणाऱ्या साइट आधी दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. थायलंड आणि मलेशियाच्या फॉर्मचीही हीच गत.

दोहा: भारतीयांना व्हिसा आधी काढावा लागत नाही, उतरल्यावर मोफत प्रवेश मिळतो. पण कतारमधल्या मुक्कामासाठी हॉटेलचं बुकिंग ‘डिस्कव्हर कतार’ या त्यांच्याच साइटवरून केलेलं हवं, पासपोर्ट सहा महिने वैध हवा आणि पुढचं तिकीट हवं. इतर साइटवरचं बुकिंग चालत नाही. रात्रीचा थांबा असेल तर हा खर्च वसूल होतो, कारण अंग टाकायला खोली मिळते. दिवसाच्या आठ तासांसाठी मात्र आम्ही तो करायला सांगणार नाही.

दुबई-अबूधाबी: अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपीय संघाचा व्हिसा किंवा रहिवासी परवाना असेल तर शुल्क भरून चौदा दिवसांचा व्हिसा उतरल्यावर मिळतो. फेब्रुवारी २०२५पासून कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर यांचीही भर पडली आहे. यातलं काहीच नसेल तर ४८ किंवा ९६ तासांचा ट्रान्झिट व्हिसा विमान कंपनीमार्फत आधीच काढावा लागतो. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल आणि नावाच्या जागीही एकच शब्द असेल तर भेटीच्या किंवा पर्यटनाच्या व्हिसावर आत सोडत नाहीत.  असा पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्या. पासपोर्ट केंद्र आता सोलापुरातच पोस्टात आहे, त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही.

हाँगकाँगला चौदा दिवस व्हिसा नको, पण भारतीयांसाठी प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन आहे. ते ऑनलाइन आणि मोफत होतं, निकाल लगेच पडद्यावर येतो. आलेली स्लिप कोऱ्या ए-फोर कागदावर छापून, सही करून जवळ ठेवायची. मोबाइलमधल्या फोटोवर भागत नाही. नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच भरायचं. वडिलांचं नाव पासपोर्टवर नावाच्या रकान्यात आहे की नाही, ते बघून. नोंदणी नाकारली गेली तर रीतसर व्हिसा काढणं एवढाच मार्ग उरतो. विमानतळाच्या आतच बसून राहणार असाल तर यातलं काही लागत नाही.

चीनच्या २४० तासांच्या सवलतीचा बराच बोलबाला आहे. त्या यादीत भारत नाही. मात्र चोवीस तासांच्या आत तिसऱ्या देशाकडे निघणाऱ्या कुणालाही तिथे व्हिसाशिवाय ट्रान्झिट मिळतो. विमानतळाबाहेर जायचं तर तात्पुरता परवाना मागावा लागतो आणि तो द्यायचा की नाही हे समोरचा अधिकारी ठरवतो. त्याच्या भरवशावर बाहेरचं काही बुक करू नका.

लंडन: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असेल आणि तिकडे जात किंवा तिकडून येत असाल, तर दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपूर्वीच्या विमानाने निघण्याच्या अटीवर बाहेर सोडू शकतात. येणं आणि जाणं दोन्ही विमानानेच हवं. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या पोरांनी लक्षात ठेवा, नुसता विद्यापीठाने पाठवलेला आय-ट्वेंटी फॉर्म दाखवून काम होत नाही, पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांत शेंगेन व्हिसा नसेल तर बाहेर पडायचा विचार सोडा, अमेरिकेचा व्हिसा असला तरी. आणि अमेरिकेत तर व्हिसाशिवाय ट्रान्झिट हा प्रकारच नाही. नुसतं विमान बदलायलाही व्हिसा हवा.

आफ्रिकेकडे जाणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. आदिस अबाबा किंवा नैरोबीला विमानतळाच्या आतच थांबलात, तर भारतात परतताना पीतज्वराच्या लशीच्या दाखल्यातून सूट मिळू शकते. बाहेर पाऊल टाकलं की ती सूट गेली. दाखला नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

नियम सारखे बदलतात. काउंटरवरचा कर्मचारी टिमॅटिक नावाच्या प्रणालीत बघून ठरवतो. तीच माहिती आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या साइटवर आणि बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर पासपोर्ट, व्हिसा आणि मार्ग भरून मिळते. तिकीट काढण्याआधी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा बघा, दुसऱ्यांदा बघितलेलं छापून घ्या.

तासांचा हिशेब

तिकिटावरच्या थांब्यातून पाच तास सरळ वजा करा. विमानातून उतरणं, चालणं, रांग, बाहेर पडणं यात तास-दीड तास, आणि परत येताना विमान सुटायच्या तीन तास आधी विमानतळावर. उरलेले अर्धा-पाऊण तास कुठेतरी जातातच. जाण्यायेण्याचा प्रवास यात धरलेला नाही. म्हणजे आठ तासांच्या थांब्यात हातात तीन तास, त्यातले दीड रेल्वेत. आमच्या मते आठच्या आत बाहेर पडण्यात अर्थ नाही, दहाच्या वर मजा आहे.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर सकाळी सातला उतरलात आणि पुढचं विमान रात्री नऊला असेल, तर सव्वाआठच्या सुमारास बाहेर, मेट्रोने ताना मेरा स्टेशनला गाडी बदलून साडेनवाच्या आत शहरात. मेट्रोच्या गेटवर व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं टॅप होणारं बँकेचं कार्ड चालतं, तिकीट काढावं लागत नाही. लिटल इंडियात पोटभर शाकाहारी जेवण मिळतं. दुपारी मरीना बे, आणि संध्याकाळी सहाला परत विमानतळावर. रात्री उतरणार असाल तर मात्र आधी मेट्रोची शेवटची गाडी बघा, मध्यरात्रीच्या आसपास ती बंद होते.

घड्याळं त्या-त्या गावाची असतात. सिंगापूर, क्वालालंपूर, हाँगकाँग आपल्या अडीच तास पुढे, बँकॉक दीड तास पुढे. दुबई दीड तास मागे, दोहा अडीच तास मागे. तिकिटावरच्या वेळा स्थानिकच असतात. रात्री ००:३०चं विमान हे कॅलेंडरवरच्या पुढच्या तारखेचं असतं, इथे दरवर्षी कुणी ना कुणी एक दिवस चुकतो.

आणि हिशेबात सोलापूर धरा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालात, सकाळी मुंबईत उतरलात, दिवसभर नातेवाइकांकडे गप्पा झाल्या आणि मध्यरात्रीनंतर विमान, तर सिंगापूरला पोचेपर्यंत दोन रात्रींचं जागरण झालेलं असतं. अशा अवस्थेत शहर फिरण्यापेक्षा विमानतळाच्या आतल्या ट्रान्झिट हॉटेलात सहा तास झोपणं शहाणपणाचं. बाहेर पडायचा बेत असेल तर वंदे भारतने आदल्या दिवशी जा आणि एक रात्र झोपून निघा, किंवा हैदराबादहून सुटणारं विमान बघा. तीनशे किलोमीटरचा रस्ता आहे आणि तिकडे पाहुणे असणारी घरंही सोलापुरात कमी नाहीत.

हातातल्या पिशवीत काय

बाहेर पडलात की कस्टम्समधून जाता, आणि परत येताना पुन्हा सुरक्षा तपासणी होते. दोन्हीकडे पिशवी उघडू शकते.

शेंगाचटणी कोरडी आहे म्हणून ती द्रवात धरत नाहीत, पण अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हाताशी असेल तर वेगळी तपासणी होते. चटणी मोठ्या बॅगेत टाका. लोणचं, ठेचा, तूप १०० मिलिलिटरच्या वर असेल तर तपासणीत काढून घेतात. मुंबईत ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटलीही तशीच. सीलबंद पिशवीत असली तरी बाहेर जाऊन परत आत आलात की ती शंभर मिलिलिटरच्या नियमात सापडते. खरेदी शेवटच्या विमानतळावर करा.

खसखस आखाती देशांत आणि सिंगापुरात अमली पदार्थांच्या नियमात येते. दिवाळीनंतर निघणाऱ्यांनी डब्यात अनारसे आहेत का ते बघायचं, आणि घरच्या मसाल्यात खसखस आहे का ते आईला विचारायचं. मावा, गुटखा, तंबाखूची पुडी सिंगापूरला नेणं गुन्हा आहे. च्युइंगगमही नेऊ देत नाहीत. ई-सिगारेट सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे बंद. पँटच्या खिशात विसरलेली पुडी मुंबईतच टाकून द्या.

कार्डाचं एक काम घरीच उरका. भारतीय कार्डांवर परदेशातला वापर मुळात बंद असतो, तो बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावा लागतो. ओटीपी भारतीय नंबरवरच येतो, म्हणून रोमिंग चालू ठेवा. यूपीआयवर विसंबू नका. सोबत पन्नास-शंभर डॉलर रोख असले की पुरे.

इमिग्रेशनच्या काउंटरवर

‘ट्रान्सफर’ची पाटी सोडून ‘अरायव्हल’ किंवा ‘इमिग्रेशन’च्या पाटीमागे जायचं. हातात पासपोर्ट, पुढचा बोर्डिंग पास, व्हिसा असलेलं पान आणि जिथे लागेल तिथे हॉटेलचा किंवा नोंदणीचा कागद. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर तोही सोबत हवा. विचारलं तर एक वाक्य पुरतं: ट्रान्झिटमध्ये आहे, आज रात्री अमुक विमानाने अमुक गावी निघतो. तिथे राहणारा भाऊ, मित्र, नोकरी असलं काही विचारल्याशिवाय सांगत बसू नका.

व्हीलचेअर मागितलेल्या आई-वडिलांनी बाहेर पडू नये. ती सेवा एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत ठरलेली असते, मध्येच सोडली की परत जुळवताना दमछाक होते.

तुम्ही बाहेर गेलात म्हणून विमान चुकलं तर कंपनीची काही जबाबदारी राहत नाही. सुरक्षेसाठी तुमची बॅग विमानातून उतरवतात आणि पुढचे टप्पे रद्द होतात. परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर असेल तर तेही. म्हणून तीन तासांचा नियम मोडू नका, मग रस्त्यात कितीही छान दुकान लागो.

अधिकाऱ्याने नाही म्हटलं तर वाद घालू नका. कागद पुरे असले तरी शेवटचा निर्णय त्याचा असतो. एकच पीएनआर असेल तर काही बिघडत नाही, मागे फिरून ट्रान्सफरच्या पाटीमागे जायचं. चांगीवर असाल तर टर्मिनल तीनमधली फुलपाखरांची बाग ट्रान्झिटमध्येच आहे. विमानतळाला लागूनच असलेल्या ज्युएल मॉलमधला तो चाळीस मीटर उंचीचा धबधबा इमिग्रेशनच्या बाहेर आहे, पण टर्मिनल दोन आणि तीनमधली स्कायट्रेन त्याच्या शेजारून जाते आणि तिला तिकीट नाही.